रोजचा रस्ता, सहल आणि प्राइड मार्च : एकाच कॅमेऱ्याने फोटो कसे काढावेत

रस्त्यावरचे रोजचे जगणे, सुट्टीची सहल आणि वर्षातून एकदा निघणारा प्राइड मार्च, म्हणजे समलिंगी, पारलिंगी आणि त्यांच्यासारख्या इतरांची अभिमानफेरी, हे तीन विषय हौशी छायाचित्रकार सहसा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. पहिल्यात तो कला शोधतो, दुसऱ्यात घरच्यांसाठी आठवण जपतो आणि तिसऱ्याकडे रंगीबेरंगी देखावा म्हणून पाहतो. त्याचा परिणाम मार्चच्या दुसऱ्या दिवशी सगळीकडे सारखाच दिसतो : सहा रंगांचा झेंडा, रंगवलेला चेहरा, उंचावलेला हात आणि पुन्हा झेंडा. या फोटोंत खोटे काही नसते, पण त्यांत माणूस फारसा उरत नाही. ग्रँट रोड स्थानकावर लोकलमधून उतरून ऑगस्ट क्रांती मैदानाकडे चालत आलेली, वाटेत टपरीवर चहा प्यायलेली, मैत्रिणीच्या निऱ्यांना पिन लावून देणारी माणसे त्यांत सापडत नाहीत.

या तिन्ही विषयांना लागणारी नजर एकच आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. बाजारात प्रकाश ओळखण्याची आणि परवानगी मागण्याची सवय लागते, सहलीत लोकांबरोबर चालता चालता फोटो काढण्याची सवय लागते आणि प्राइड मार्चमध्ये या दोन्ही सवयी एकाच वेळी पणाला लागतात. म्हणून ज्यांना मार्च टिपायचा आहे त्यांनी तयारीला काही महिने आधी बाजारापासूनच सुरुवात करावी. पुढील उदाहरणे मुख्यतः मुंबई आणि पुण्याची आहेत. अन्य शहरांतील वाचकांनी आपापला बाजार आणि आपापला डोंगर निवडावा.

साधने थोडीच असावीत

एक कॅमेरा आणि एक लेन्स पुरेशी असते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमीची किंवा एपीएस-सी (त्याहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २३-२४ मिमीची लेन्स या कामाला सर्वांत सोयीची ठरते, कारण तिच्यातून माणूस आणि त्याच्या भोवतालची जागा दोन्ही दिसतात, आणि माणूस नीट दिसावा म्हणून आपल्याला त्याच्याजवळ जावेच लागते. लांब पल्ल्याची झूम लेन्स घेऊन रस्त्याच्या पलीकडून चेहरे टिपणाऱ्याला समोरच्याशी बोलावे लागत नाही, आणि ते न बोलणे फोटोत स्पष्ट दिसते. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीच्या दृष्टिक्षेपाचा असतो आणि तोही उत्तम चालतो. मात्र डिजिटल झूम वापरू नये, दोन पावले पुढे जावे.

रस्त्यावर फोकस शोधण्यात क्षण निघून जातो, म्हणून तो आधीच ठरवून ठेवण्याची जुनी पद्धत आजही कामाची आहे. फुल फ्रेमवर ३५ मिमी लेन्सचे छिद्र एफ/८ वर (आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) ठेवून फोकस ३ मीटरवर स्थिर केला, तर साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. चालत्या माणसासाठी शटरचा वेग सेकंदाच्या १/२५० पेक्षा मंद नसावा आणि नाचणाऱ्यासाठी १/५०० असावा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ऑटोवर सोडून त्याची वरची मर्यादा ६४०० ठरवून द्यावी. थोडा दाणेदार फोटो सुसह्य असतो, हललेला फोटो बहुधा टाकून द्यावा लागतो. फोनमध्ये हे आकडे हाती नसतात, पण पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड एकाच जागी बांधून ठेवता येतात. ही सोय सर्वांनी अंगवळणी पाडावी.

बाजार

घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावरची एकच जागा निवडावी आणि तिथे ठरावीक वेळी वारंवार जावे. नवनवीन जागांच्या मागे धावणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी पाहुण्यालाच दिसेल तेवढे दिसते. मुंबईत दादर पश्चिमेला सेनापती बापट मार्गालगतचा फूलबाजार आणि पुण्यात १८८०च्या दशकात उभी राहिलेली, आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी मंडई या दोन्ही जागा शिकण्यासाठी आदर्श आहेत, कारण दोन्हींकडे प्रकाश अवघड आहे आणि माणसे कामात गढलेली आहेत.

दादरला उजाडण्याआधी पोहोचावे. त्या वेळी दिव्यांचा पिवळा-पांढरा उजेड आणि आकाशाचा निळा उजेड एकमेकांत मिसळलेले असतात. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणारी सोय) ऑटोवर असेल, तर प्रत्येक फोटोत तो वेगळा निर्णय घेतो आणि एकाच टोपलीतली शेवंती तीन फोटोंत तीन रंगांची दिसते. म्हणून तो ४००० ते ४५०० केल्विनच्या आसपास स्थिर ठेवावा. दुसरी अडचण झेंडूची. गडद केशरी आणि पिवळ्या रंगांत कॅमेऱ्याचा लाल भाग सर्वांत आधी भरून जातो, पाकळ्यांचे पदर पुसले जातात आणि ढिगाऱ्याच्या जागी एक सपाट केशरी डाग उरतो, तोही साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठीकठाक दाखवत असताना. उपाय असा की लाल, हिरवा आणि निळा यांचा वेगवेगळा हिस्टोग्राम सुरू करावा, एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, दोन-तृतीयांश स्टॉपने कमी ठेवावे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि शक्य असल्यास फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ माहितीसह, साठवावा. झेंडू ज्याला नीट टिपता आला त्याला पुढे सहा रंगांचा झेंडा अवघड जात नाही, कारण उन्हात फडकणाऱ्या झेंड्याचा लाल आणि नारिंगी पट्टा नेमका याच कारणाने बिघडतो.

परवानगीबाबत हौशी मंडळींत दोन टोके असतात. एक गट मानतो की विचारले की सहजपणा संपला. दुसरा गट प्रत्येकाला विचारतो आणि प्रत्येकाचा ताठ उभा राहिलेला फोटो घेऊन परततो. यातून मार्ग काढता येतो. आधी थोडा वेळ कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून उभे राहावे, काही विकत घ्यावे, मग "मावशी, तुमचं काम चालू असताना एक-दोन फोटो काढले तर चालतील का?" असे विचारावे. होकार मिळाल्यावर पहिला फोटो लगेच काढावा, कारण तो त्यांना हवा असतो. नंतर गिऱ्हाईक येईपर्यंत थांबावे आणि त्या भाव सांगण्यात गुंतल्या की आपल्याला हवा असलेला फोटो काढावा. नकार आला तर कारण विचारू नये. पुढच्या खेपेस चार बाय सहा इंचाची छापील प्रत नेऊन द्यावी. हा खर्च किरकोळ असतो आणि त्यानंतर शेजारचे गाळेवालेच आपल्याला हाक मारू लागतात.

लोकलच्या डब्यात आणि फलाटावर अधिक सावध राहावे, कारण तिथे माणसाला बाजूला होता येत नाही. झोपलेल्या, थकलेल्या, खाणाऱ्या प्रवाशाचे फोटो सहज मिळतात आणि म्हणूनच त्यांची किंमत कमी असते.

सहल

सहलीचे बहुतेक फोटो एकाच कारणाने फसतात : सगळे जण कॅमेऱ्याकडे पाहत एका ओळीत उभे असतात आणि मागे कडा किंवा धबधबा असतो. हा फोटो घेऊ नये असे नव्हे. तो पहिल्यांदाच घेऊन टाकावा, दोन ओळी असतील तर एफ/८ ठेवून पुढच्या ओळीतल्या चेहऱ्यावर फोकस करावा आणि मंडळींना मोकळे करावे. खरे फोटो त्यानंतर मिळतात, "झाला का?" म्हणून ओळ मोडते त्या क्षणापासून. कोणी हसते, कोणी पदर सारखा करते, मुले पळतात, आजोबा बसायला दगड शोधतात. त्याचप्रमाणे जाण्याच्या आणि येण्याच्या वेळा सोडू नयेत. एसटीच्या खिडकीला टेकलेले डोके, डब्यातून निघालेल्या पोळ्या, चिखलाने भरलेल्या चपलांची रांग यांत सहलीचा दिवस जितका दिसतो तितका सूर्यास्ताच्या फोटोत दिसत नाही.

पावसाळ्यात सिंहगडावर ढग उतरलेले असताना कॅमेरा फसतो. गड सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथे सगळे पांढरे असते. कॅमेरा त्या पांढऱ्याला करडे करू पाहतो आणि माणसे काळवंडतात. अशा वेळी एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावे, म्हणजे झेंडूच्या अगदी उलट. आकाश फ्रेममध्ये कमीत कमी घ्यावे. पिठलं-भाकरीच्या झोपडीत दारातून येणारा एका बाजूचा मऊ उजेड मिळतो आणि चुलीच्या धुरामुळे तो डोळ्यांना दिसूही लागतो. भाकरी थापणाऱ्या हातांसाठी याहून चांगला प्रकाश शोधून सापडणार नाही. वातानुकूलित गाडीतून एकदम दमट हवेत कॅमेरा बाहेर काढला तर लेन्सवर बाष्प जमते. ते पुसत बसू नये. गडावर पोहोचण्याच्या काही वेळ आधी गाडीतली थंड हवा बंद करून पिशवी उघडी ठेवावी.

माथेरानची गोष्ट वेगळी आहे. दस्तुरी नाक्यापुढे मोटारी जात नाहीत, त्यामुळे सहल बहुतांशी पायी किंवा घोड्यावर होते आणि प्रत्येक वळणावर माणसे सावकाश समोरून येत राहतात. कोरड्या दिवसांत तिथली तांबडी माती उन्हात चेहऱ्यावर खालून उबदार उजेड टाकते, त्यामुळे टोपीखालचे चेहरेही काळे पडत नाहीत. मात्र तीच माती लेन्स बदलताना कॅमेऱ्यात शिरते, म्हणून तिथे लेन्स बदलू नये.

सहलीत छायाचित्रकार स्वतः सहलीला आलेला असतो, बाहेरून आलेला नसतो. तो चालतो, दमतो, भजी खातो, आणि त्याच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे काही वेळाने कोणी लक्ष देत नाही. होमाई व्यारावाला यांना आपण राष्ट्रीय घटना टिपणाऱ्या म्हणून ओळखतो. पण त्याआधी त्यांनी मुंबईतले रोजचे जीवन आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या आपल्या सहाध्यायी तरुणी टिपल्या होत्या, आणि त्या फोटोंमधला मोकळेपणा ओळखीच्या माणसाने काढलेल्या फोटोचा आहे. मार्चमध्येही असेच बरोबरीने चालता आले पाहिजे.

प्राइड मार्च : आधी काय समजून घ्यावे

भारतातला पहिला प्राइड मार्च २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात निघाला आणि त्यात अवघी १५ माणसे चालली. मुंबईत क्वीअर आझादी मार्च १६ ऑगस्ट २००८ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाला. १९४२च्या 'चले जाव'च्या हाकेची हीच जागा. पुण्यात डिसेंबर २०११ मध्ये पहिला मार्च निघाला. त्या सुरुवातीच्या वर्षांत अनेक जण मुखवटे लावून चालत. मुखवट्यांचा अर्थ छायाचित्रकाराने नीट ध्यानात घ्यावा : माणसाला रस्त्यावर यायचे होते, पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात यायचे नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, त्यानंतर उघड्या चेहऱ्याने चालणारे वाढले. तरीही घरमालक, कार्यालय आणि घर यांचे प्रश्न निकालाने मिटलेले नाहीत, आणि १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. दुसराही एक धोका आहे. २०२० साली मुंबईत मार्चऐवजी आझाद मैदानात झालेल्या मेळाव्यातील घोषणांची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरली आणि सहभागी व्यक्तींवर राजद्रोहाच्या कलमाखाली गुन्हा नोंदवला गेला. आपण काढलेला फोटो कोणाच्या हाती पडेल हे आपल्याला ठरवता येत नाही. तो काढावा की नाही, आणि काढल्यावर दाखवावा की नाही, एवढेच आपल्या हाती असते.

सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढण्यास कायद्याने सरसकट मनाई नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केले आणि एखाद्या स्त्रीच्या खासगी कृतीचे चोरून चित्रण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. तथापि या विषयात कायद्याची किमान रेषा पुरेशी मानणारा छायाचित्रकार मार्चला न आलेलाच बरा.

मार्चच्या दिवशी

आयोजकांनी फोटोंबाबत दिलेल्या सूचना आदल्या दिवशी वाचाव्यात. फोटो नको असणाऱ्यांसाठी एखादी खूण, पट्टी किंवा बिल्ला ठरवलेला असेल, तर तो कसा दिसतो हे पाठ असावे. मुंबईचा मार्च अलीकडच्या वर्षांत सहसा जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला दुपारनंतर निघतो. त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, दुपारी चारनंतर ऊन नैर्ऋत्येकडून तिरपे येते आणि उंच इमारतींच्या सावल्या निम्मा रस्ता व्यापतात. एकाच फ्रेममध्ये निम्मे चेहरे उन्हात आणि निम्मे सावलीत असतील तर काहीही नीट येत नाही. म्हणून सावलीच्या पट्ट्यात थांबून तिथे येणाऱ्यांचेच फोटो काढावेत, किंवा ऊन चालणाऱ्यांच्या पाठीशी ठेवून चेहऱ्यानुसार उजेड मोजावा आणि मागचे आकाश पांढरे झाले तर होऊ द्यावे.

निघण्याच्या तासभर आधी मैदानात पोहोचावे. सर्वांत जिवंत फोटो तिथेच मिळतात. फलक रंगवले जात असतात, कोणी कोणाच्या गालावर रंग लावत असते, पहिल्यांदा आलेला एखादा मुलगा कोपऱ्यात एकटा उभा असतो आणि काही वेळाने त्याला कोणीतरी गटात ओढून घेते. या शेवटच्या माणसाचा फोटो मोहात पाडतो. त्याच्याशी आधी बोलावे; बोलल्यावर फोटो काढावासा वाटला नाही, तर तेही ठीकच.

बाजारात 'मावशी', 'दादा', 'ताई' म्हटल्याने ओळख होते. इथे मात्र समोरच्या व्यक्तीचे लिंग आपण गृहीत धरू नये. "नमस्कार, तुमचा फोटो काढला तर चालेल का?" हे वाक्य सर्वांना चालते. परवानगीचे तीन स्तर वेगळे ठेवावेत : फोटो काढणे, तो प्रसिद्ध करणे आणि त्याखाली नाव देणे. पहिल्याला हो म्हटलेली व्यक्ती दुसऱ्याला नाही म्हणू शकते. गर्दीत हे लक्षात राहत नाही, म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत असलेले तारांकनाचे बटण वापरावे : प्रसिद्धीला होकार मिळाला की फोटो पडद्यावर दाखवून त्याच वेळी तारा द्यावा. घरी आल्यावर तारा नसलेल्या जवळच्या चेहऱ्यांना हात लावायचा नाही, असा नियम ठेवला की पुढचे बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत.

आता तांत्रिक पेच. बाजारात उपयोगी पडलेले एफ/८ इथे अडचणीचे ठरते, कारण त्यात ज्याने होकार दिला तो आणि त्याच्या मागे ज्यांना कोणी विचारलेच नाही ती माणसे सारखीच स्पष्ट येतात. एकट्या व्यक्तीचा फोटो घेताना छिद्र एफ/२ पर्यंत उघडावे, जवळ जावे आणि कॅमेरा छातीच्या उंचीवर आणून किंचित वर रोखावा, म्हणजे पार्श्वभूमीला गर्दीऐवजी झाडे, गच्च्या आणि आकाश येते. फोनच्या पोर्ट्रेट मोडवर फार विसंबू नये. त्यातली धूसरता नंतर चढवलेली असते आणि मूळ स्पष्ट प्रत अनेकदा फोनमध्ये राहते. गर्दीचा व्यापक फोटो हवा असेल तर तो मागून, पाठींचा आणि झेंड्यांचा घ्यावा, किंवा इतक्या दुरून घ्यावा की मोठा करूनही चेहरा ओळखू येणार नाही. ड्रोन आणू नये. मुंबईत पोलिसांच्या परवानगीशिवाय ते उडवता येत नाही आणि डोक्यावर घोंगावणारे यंत्र कोणालाच आवडत नाही.

सहा रंगांचा झेंडा १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्यांदा फडकला तेव्हा त्यात आठ रंग होते. फिका निळा, गुलाबी आणि पांढरा यांचा झेंडा पारलिंगी समाजाचा. त्याचे फिके पट्टे कडक उन्हात धुऊन निघतात, म्हणून तो सावलीत किंवा मावळतीच्या उजेडात टिपावा. लांबच लांब कापड अनेकांनी मिळून डोक्यावर धरलेले असेल तर त्याखाली शिरून पाहावे. कापडातून गाळून आलेला उजेड चेहऱ्यांना जांभळा, हिरवा, पिवळा करतो. व्हाइट बॅलन्स ५२०० केल्विनच्या आसपास स्थिर ठेवला तर ते रंग टिकतात, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा ते 'दुरुस्त' करून टाकतो.

सर्वांत चमकदार पोशाखाभोवती कॅमेऱ्यांचे कडे पडते. त्या कड्यात शिरण्याऐवजी त्याच्याकडे पाठ करून उभे राहावे. मुलाचा फलक हाती धरलेले आईवडील, कार्यालयातून थेट आलेला माणूस, नऊवारी नेसून ढोलाच्या तालावर दमेपर्यंत नाचलेली आणि आता फूटपाथवर पाणी पिणारी व्यक्ती, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून पाहणाऱ्या गृहिणी, बंदोबस्तावरचे कंटाळलेले हवालदार हे सगळे मार्चचाच भाग आहेत. बघ्यांचे चेहरे तर अवश्य टिपावेत. शहर या माणसांकडे कसे पाहते याची नोंद दुसरीकडे कुठे होत नाही. तृतीयपंथी व्यक्तींना टाळी वाजवून दाखवा किंवा अमुक पोझ द्या असे सांगू नये. लहान मुलांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. फलक समोरून, सरळ रेषेत, पूर्ण वाचता येईल असा घ्यावा आणि प्रसिद्ध करण्याआधी शब्दन्शब्द वाचावा.

मार्च संपला की कॅमेरा आत ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परतीच्या वाटेवर काही जण स्थानकाच्या बाकावर बसून तोंडावरचा रंग पुसतात, कानातले काढून पिशवीत टाकतात आणि ज्या कपड्यांत घरून निघाले होते ते चढवतात. दृश्य म्हणून ते अतिशय प्रभावी असते, आणि त्या व्यक्तीने पुसून टाकू पाहिलेली गोष्टच आपला फोटो कायमची नोंदवतो. अगदी आधीपासून ओळख असेल आणि त्या व्यक्तीने स्वतःहून सांगितले असेल, तरच तो काढावा.

घरी परतल्यावर

फोटो उतरवून घेतल्यावर पहिले काम निवडीचे नसून स्थानाची माहिती काढण्याचे आहे. फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ साठवलेली असते. मार्चची जागा सर्वांना ठाऊक असते, पण त्याच मालिकेत नंतर कोणाच्या घरी झालेल्या चहाचा फोटो असेल तर त्यातून पत्ता उघड होतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतून ही माहिती बहुधा काढून टाकली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या प्रतीत ती तशीच राहते. फोनच्या कॅमेऱ्यात स्थान नोंदवणे आधीच बंद करून ठेवणे सर्वांत सोपे. मूळ फोटोंच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात. तारा नसलेले फोटो ऑनलाइन साठवणुकीत चढवू नयेत, कारण तिथली चेहरे ओळखणारी यंत्रणा त्यांचे आपोआप गट पाडते.

चेहरा धूसर करणे हा मला आवडत नसलेला उपाय आहे. कपडे, गोंदण, बरोबरची माणसे यांवरून ओळखीचा माणूस ओळखतोच, आणि धूसर चेहरा पाहणाऱ्याला गुन्हेगाराची बातमी वाचत असल्यासारखे वाटते. त्यापेक्षा चेहरा नसलेली, पण त्यामुळे अपुरी न वाटणारी फ्रेम काढतानाच शोधावी : पाठमोरी जोडी, एकमेकांत गुंतलेले हात, रस्त्यावर पडलेल्या सावल्या. छायाचित्रकार सुनील गुप्ता यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात दिल्लीतल्या समलिंगी पुरुषांचे फोटो हुमायूनची कबर, इंडिया गेट अशा सर्वांच्या ओळखीच्या जागी काढले. त्यांत अनेकांचे चेहरे वळलेले किंवा झाकलेले आहेत, आणि त्या माणसांना उघडपणे समोर येता येत नव्हते हेच त्या फोटोंतून कळते.

फोटोखाली मराठीत ओळ लिहायची म्हणजे क्रियापदाला लिंग द्यावेच लागते. 'नाचणारा' की 'नाचणारी' हे आपण अंदाजाने ठरवू नये. विचारून घ्यावे, किंवा 'ढोल सुरू झाल्यावर, नाना चौक' अशी क्रियापदाविना चालणारी ओळ लिहावी. निवड मात्र आठवडाभर थांबून करावी, कारण त्याच रात्री निवडलेल्या फोटोंत उत्साह अधिक आणि पारख कमी असते.

मांडणी करताना मार्चचे फोटो वेगळ्या गटात न ठेवता वर्षभराच्या मालिकेत मिसळून पाहावेत. फूलबाजारात गजरा गुंफणारे हात, सहलीतल्या ओळ मोडलेल्या मावश्या आणि मार्चमध्ये एकमेकांच्या केसांत गजरा माळणारी दोन माणसे अशा क्रमाने लावले की पाहणारा आधी गजरा पाहतो, आधी हात पाहतो, आणि ती माणसे कोण हा प्रश्न त्याला नंतर पडतो. वेगळ्या गटात तो प्रश्नच पहिला पडला असता. दोन फोटो सारखेच चांगले असतील तर ज्यात कपड्यांपेक्षा कृती अधिक दिसते तो ठेवावा.

फोटोतल्या व्यक्तींना त्यांच्या प्रती आठवडा-पंधरा दिवसांत पाठवाव्यात आणि सोबत कळवावे की पुढे कधीही हा फोटो काढून टाकावासा वाटला तर सांगावे. असे कळवणारा निरोप दोन वर्षांनी आला, नोकरी बदलली म्हणून आला किंवा कारण न देता आला, तरी फोटो त्याच दिवशी उतरवावा. एखादे नियतकालिक किंवा कंपनी फोटो मागू लागली, तर प्रताधिकार सामान्यतः छायाचित्रकाराकडे असतो, पण मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोवर वेगळा करार नसेल तर तो काढून घेणाऱ्याकडे जातो, हे भारतीय प्रताधिकार कायद्याचे सूत्र माहीत असावे. आपल्या संग्रहात प्रसिद्ध करण्यासाठी मिळालेला होकार जाहिरातीला लागू होत नाही. त्यासाठी त्या व्यक्तीला नव्याने, कंपनीचे नाव आणि फोटो कुठे छापला जाणार हे सांगून, विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.